चकमक, वाख आणि मडकं: सिमरोलच्या मळ्यावरच्या नोंदी

आतोबांचा मळा इंदूर-खंडवा रस्त्यावर, सिमरोलच्या पुढे, भेरूघाट लागायच्या अलीकडे आहे. बांधावर झाडोरा भरपूर, ओढ्याला दिवाळीपर्यंत पाणी. ठरवलं ते एवढंच: हातानं वळलेली दोरी, आगपेटीशिवाय पेटवलेली चूल आणि स्वतः भाजलेलं मडकं, या तिन्हींच्या जोरावर एक वेळचं वरण शिजवायचं. रोज संगणकावर हिशेब तपासणाऱ्या माणसाला हे कशाला हवं, असं आत्यानं विचारलं. तिला दिलेलं उत्तर मलाच पटलं नव्हतं, म्हणून इथे लिहीत नाही.

सोबत भाची, नववीत शिकणारी. आणि मळ्याचे राखणदार काकाजी, भिलाला आदिवासी, साठी कधीच ओलांडलेले. सामान फक्त मळ्यातलं, घरातलं किंवा भंगारातलं. सिमरोलच्या पुढे जंगल हाताशी आहे, पण राखीव जंगलात साल काढणं आणि आग पेटवणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून तिकडची काडीही आणलेली नाही.

१३ ऑक्टोबर २०२४, इंदूर

दसऱ्याचं सोनं लुटून झालं की दुसऱ्या दिवशी आपट्याच्या डहाळ्या चौकाचौकात पडलेल्या असतात. इंदुरात मात्र त्या उचलायच्या तर कचरागाडीच्या आधी उठावं लागतं. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर सोडायला तयार नसलेलं शहर हे, इथे कचराही वेळेवर गाठावा लागतो. उजाडायच्या आत दोन पिशव्या भरल्या. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून पाहिलं आणि काही विचारलं नाही.

आपट्याची साल चिवट, तिच्या दोऱ्या पूर्वीपासून वळतात. पण बाजारात येतात त्या बारीक डहाळ्या. त्यातल्या करंगळीएवढ्या जाड तेवढ्याच कामाच्या. टोकाला नखानं चीर देऊन साल ओढली की लांब पट्टी निघते. वरचं तपकिरी पापुद्रं सुरीच्या बोथट पाठीनं खरवडायचं, आतली फिकट पट्टी ठेवायची. खरवडलं नाही तर पीळ देताना ते कडकड मोडतं आणि दोरीत खाचा पडतात.

वळण्याची रीत: पट्टी मधोमध न धरता एक बाजू आखूड ठेवून दुमडायची. वरचा पदर आपल्यापासून दूर पिळायचा, मग तोच खालच्या पदरावरून आपल्याकडे घ्यायचा. आता जो वर आला त्याचं तेच. पीळ आणि वेढा उलट दिशांना असतात, म्हणून सोडली तरी दोरी उकलत नाही. एक बाजू आखूड ठेवायची ती जोडासाठी. दोन्ही पदर एकाच जागी संपले तर तिथे दोन्ही जोड येतात आणि दोरी तिथेच तुटते. माझी पहिली वीतभर दोरी अशीच तुटली. भाचीनं टीव्ही बघत बघत हातभर वळली, आणि ती अजून शाबूत आहे.

२० ऑक्टोबर, मळा

मुरुडशेंग. बाळगुटीत उगाळतात ती पीळदार शेंग सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्या झुडपाच्या सालीत फार चांगला वाख, म्हणजे दोरी वळायचा धागा, असतो हे मला काकाजींनी दाखवलं. ओढ्याच्या काठावर आमच्याच हद्दीत जाळी आहे. सरळ वाढलेले, अंगठ्याएवढे फोक कापले. साल सहज सुटेना. पावसाळ्यात ती हातानं ओढली की निघते, आता रस आटत चाललाय, असं काकाजी म्हणाले. आषाढ-श्रावणात यायला हवं होतं. फोक दगडावर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकले तेव्हा कुठे सुटली.

सालीच्या जुड्या बांधून पाण्यात कुजत घातल्या. मी वाहत्या पाण्यात ठेवत होतो, पाणी स्वच्छ म्हणून. काकाजींनी त्या उचलून बाजूच्या साचलेल्या डबक्यात टाकल्या आणि वर दगड ठेवला. वाहत्या पाण्यात कुजायला जास्त वेळ लागतो. ज्या जिवाणूंनी सालीतला चिकटा खायचा, तेच वाहून जातात.

२७ ऑक्टोबर, मळा

सगळ्यांनी वाचावी अशी नोंद.

मुरुडशेंग कुजेपर्यंत घायपात करून बघू म्हटलं. कुंपणाला लावलेली आहेच. पानांचे काटे छाटले, पान फळीवर ठेवलं, कुऱ्हाडीच्या बोथट बाजूनं ठेचलं आणि पत्र्याच्या पट्टीनं गर खरवडायला लागलो. अर्धी बाही, उघडे हात. दहा मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंत आग. त्या रसात सुईच्या आकाराचे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत घुसतात. धुतल्यानं फरक पडला नाही. हात चोळत धुतले तेव्हा उलट वाढलं. घरी येऊन खाजेची गोळी घेतली. रात्रभर झोप नाही आणि सोमवारी ऑफिसात पूर्ण बाहीचा शर्ट.

भाचीचा वाटा पानं मोजण्याचा होता, ती बचावली.

पूर्ण बाही, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालूनच हे काम करा. ठेचताना रस चेहऱ्यावर उडतो. घायपात कुजवायच्या भानगडीत पडू नका, ताजीच खरवडा. सुकलेलं पान दगडासारखं होतं आणि वाख सुटत नाही. निघणारा वाख पानाच्या वजनाच्या शेकडा चारच्या आसपास असतो, म्हणजे ढीगभर पानांतून मूठभर. पण ती मूठ निघाल्यावर धुऊन उन्हात टाकली की दुपारपर्यंत पांढरी शुभ्र होते, आणि ती हातानं तोडायला गेलं तर बोट कापतं. पूर्ण प्रकल्पात सगळ्यात भरवशाची दोरी हिचीच निघाली.

१० नोव्हेंबर, मळा

दिवाळीत कोणी मळ्यावर फिरकलं नाही. मुरुडशेंगेच्या जुड्या डबक्यातच राहिल्या. आज दगड उचलला तर वास असा की भाची बांधापलीकडे जाऊन उभी राहिली. वास चालतो, पण वाखच गेला. बोटांत धरला की पिठासारखा सुटत होता. चिकटा संपला की जिवाणू धाग्यालाच लागतात. एकूण तीन आठवड्यांचं काम डबक्यात.

पुन्हा साल काढली, पुन्हा ठोकली. आता चौथ्या दिवसापासून काकाजी रोज एक पट्टी काढून अंगठ्यानं सरकवून बघणार. पापुद्रे एकमेकांवरून सरकले की काढायची, कॅलेंडर बघायचं नाही. थंडी पडली की आणखी वेळ लागेल म्हणाले.

२४ नोव्हेंबर, मळा

मुरुडशेंग सहीसलामत निघाली. पिवळसर, मऊ, हाताला न बोचणारी. मडक्याचं शिंकं हिचंच करायचं.

आज आगीला हात घातला. इंग्रजी व्हिडिओंत धनुकलीनं आग पाडतात: कमानीला दोरी, दोरीत काठीचा वेढा, खाली फळी, वर हातात दगड. लाकडं कोणती, तर विलो, सीडर, युका. यांतलं एकही झाड इंदुरात मला कोणी आणून देणार नाही. म्हणून बांधावरची बाभूळ घेतली, लाकूड जुनं आणि खडखडीत होतं. दोन तास घुसळलं. किंचाळल्यासारखा आवाज, फळीवर काळा चकचकीत खड्डा, धूर नावाला. कडक लाकडावर कडक लाकूड घासलं की भुसा पडत नाही, नुसती चकाकी येते. खड्ड्यात चिमूटभर वाळू टाकली की चकाकी मोडते, पण लाकूड बदलल्याशिवाय उपयोग नाही.

काकाजी तिथे बसून विडी ओढत होते. "कंई करी रिया हो?" म्हणाले आणि लायटर पुढे केला. त्यांच्या लहानपणी घरी चकमक होती, घुसळून आग काढताना त्यांनी कोणालाच बघितलेलं नाही. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण आदिवासी म्हणजे अजून लाकडावर लाकूड घासतात अशी आपल्या लोकांची समजूत असते. आगपेटी २०२१ च्या डिसेंबरात एकाची दोन रुपये झाली तरी तीच सगळ्यात स्वस्त आग आहे, आणि हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं.

१ डिसेंबर, इंदूर

मळ्यावर गेलो नाही. ओळखीतल्या एका गुरुजींकडे अग्निमंथनाचा संच आहे, तो बघायला गेलो. या एका संध्याकाळी जे मिळालं ते आधीच्या महिनाभरात मिळालं नव्हतं.

खाली अधरारणी, पिंपळाची आडवी फळी. परंपरेनं शमीवर उगवलेल्या पिंपळाची घेतात. वर उभा दांडा, त्याला चात्र म्हणतात, तो खैराचा. सगळी गोम दांड्याच्या खालच्या टोकाला आहे. तिथे उत्तरारणीचा, म्हणजे पिंपळाचाच, छोटा तुकडा बसवलेला असतो. झिजतो तो तुकडा. दांडा वर्षानुवर्षं तोच. वरून दाबायला ओविली, तीही खैराची. आणि दांड्याला गुंडाळलेली दोरी म्हणजे नेत्र. एकानं ओविली छातीच्या जोरानं दाबून धरायची, दुसऱ्यानं नेत्राची दोन टोकं धरून घुसळायचं.

म्हणजे मी एकट्यानं करत होतो ते काम मुळात दोघांचं. धनुकलीत एका हाताला दाब आणि दुसऱ्याला ओढ एकदम सांभाळावी लागते; सवय नसलेल्याचा दाब दर ओढीला ढिला पडतो आणि तापलेलं लाकूड निवतं. आणि अख्खी काठी मऊ लाकडाची शोधायची गरजच नाही, तीन बोटं तुकडा पुरतो.

गुरुजींनी हात लावू दिला नाही, ते बरोबरच आहे. मापं डोळ्यांत साठवून आलो.

८ डिसेंबर, मळा

पिंपळ कापायचा नाही हे आमच्या घरात न सांगता पाळतात. देवळामागच्या पिंपळाची वाऱ्यानं पडलेली, वर्षभर ओसरीवर सुकलेली फांदी पुजारीबुवांनी दिली. नखानं दाबलं तर खूण उमटते आणि तुकडा मोडला तर कट् असा आवाज येतो, एवढी परीक्षा पुरे. नुसतं मऊ असून भागत नाही, आतून ओलं असेल तर वाफ निघते आणि आपण तिला धूर समजतो.

दांडा बाभळीचा, टोकाला पिंपळाचा तुकडा खोबणीत ठोकून. वर नारळाच्या करवंटीचा तुकडा, आत थेंबभर तूप. नेत्राला घायपाताची दोरी. फळीच्या कडेला खड्डा, आणि खड्ड्यापासून कडेपर्यंत पाचरीच्या आकाराची खाच. खाच खड्ड्याच्या मध्यबिंदूला जवळजवळ भिडली पाहिजे. माझी आधी अर्ध्यातच थांबत होती, त्यामुळे भुसा खड्ड्यातच साठून विझत होता.

मी दाबलं, भाचीनं घुसळलं. पहिल्यांदा दोरी घसरली. बाभळीचा दांडा फार गुळगुळीत होता, कानशीनं खरबरीत केला आणि दोरीचे वेढे तीन केले. मग धूर. मग भुसा. आधी तांबूस, मोकळा. जोर वाढवला तसा काळा, बारीक. भाचीचे हात भरून आले, थांबलो. भुशाची ढिगली थांबल्यावरही धुमसत होती. विस्तव!

आणि तो विझला, कारण खाली जमीन होती. काळी माती डिसेंबरात वरून भेगाळलेली दिसली तरी बोटभर खाली गार आणि ओलसर असते. तिनं ऊब ओढून घेतली. पुढच्या वेळी फळीखाली सुकं पळसपान ठेवलं, भुसा त्यावर पडला, पान उचलून तसाच हलवता आला.

दुसरा विस्तव नारळाच्या शेंडीत घातला. शेंडी नुसती काळी पडली, पेटली नाही. अख्खी शेंडी जाड असते. ती दोन तळव्यांत चोळून केसांइतकी बारीक करावी लागते, आणि मधोमध शेणीचा कोरडा चुरा. चुरा विस्तव धरून ठेवतो, जाळ शेंडी देते. अंधार पडायच्या जरा आधी पेटली. भाचीनं "मामा, केस!" म्हणून ओरडेपर्यंत मी फुंकत होतो. डाव्या भुवईचा थोडा भाग गेला.

२२ डिसेंबर, मळा

काकाजींना आता चेव आला. म्हणाले, हे दोघांचं काम नको, चकमक करू.

दगडाची टंचाई नाही. माळव्याचा खडक काळा बेसाल्ट, त्याच्या पोकळ्यांत गारा भरलेल्या असतात आणि नांगरलं की शेतात वर येतात. बेसाल्टवर ठिणगी पडत नाही. दुधी, अर्धपारदर्शक गार घ्यायची आणि फोडून तिला धारदार कड काढायची. कड बोथट झाली की पुन्हा फोडायची. फोडताना डोळे सांभाळा, कपची कुठेही उडते.

लोखंड म्हणजे लोहामंडीजवळच्या भंगारातून ४० रुपयांना आणलेली जुनी कानस. काकाजींना हातात धरायला वाकवलेली हवी होती, म्हणून रस्त्याकडेच्या एका लोहाराकडून लाल करून वाकवून घेतली, ५० रुपये. दिसायला झकास झाली. गारेवर मारली तर एक ठिणगी नाही. दुपारभर गारच खराब म्हणून मी गारा बदलत होतो.

दोष पोलादाचा होता. तापवून हळूहळू निवू दिलं की पोलाद मऊ पडतं. ठिणगी म्हणजे गारेच्या कडेनं खरवडून निघालेला पोलादाचा कण, तो हवेत जळतो. मऊ पोलादाचा कण असा निघतच नाही. लोहारानं वाकवलं पण पाणी दिलं नव्हतं, म्हणजे लाल असताना पाण्यात बुडवून कडक केलं नव्हतं, आणि मी सांगितलंही नव्हतं. दोष कुणाचा म्हणायचा?

२९ डिसेंबर, मळा

कानशीला पाणी दिलं. शेण्यांच्या जाळात, भात्याऐवजी आत्याची फुंकणी. लाल कधी पुरेसं लाल, ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून तारेला बांधलेलं लोहचुंबक जवळ नेऊन बघायचं. चुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडं तापवून पाण्यात बुडवायचं. चर्र झालं. गार झाल्यावर दुसरी कानस तिच्यावर फिरवली तर घसरली, म्हणजे कडक झाली. पहिल्याच फटक्याला ठिणग्या.

ठिणगी धरायला जळका कपडा. बूटपॉलिशची डबी, झाकणाला खिळ्यानं एक भोक, आत आतोबांच्या जुन्या धोतराचे तुकडे, निखाऱ्यांवर ठेवायची. भोकातून धूर यायचा थांबला की उतरवायची आणि पूर्ण गार झाल्यावरच उघडायची. गरम असताना उघडली तर हवा लागून सगळं राख होतं. एक डबी अशीच गेली. एका डबीत माझ्या शर्टाचा तुकडा गेला होता, तो टेरिकॉटचा निघाला, वितळून डबीला चिकटला.

जुन्या काळी इकडे चकमकीसोबत शेवरीचा कापूस असे. त्याची बोंडं उन्हाळ्यात फुटतात, आता डिसेंबरात कुठली? आत्याकडे शेवरीच्या कापसाची जुनी उशी होती, तिच्या शिवणीतून मूठभर काढला (आत्याला नंतर सांगितलं). नुसता कापूस ठिणगी धरत नाही, भुर्रकन जाळ होण्यापुरता असतो. जळक्या कपड्यावर ठिणगी, कपडा शेणीच्या चुऱ्यात, चुऱ्यावर कापूस. आता काकाजींची चूल मिनिटभरात पेटते. माझी अजून तेवढ्यात नाही.

१२ जानेवारी २०२५, मळा

मडकं. हे आधी सुरू करायला हवं होतं, सुकायला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो.

काळ्या मातीचं केलं. मळायला लोण्यासारखी, आकार सुरेख, भाची खूश. दुसऱ्या दिवशी काठापासून बुडापर्यंत तडा. शेतात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा याच मातीला पडतात. ही पाण्यानं फुगते आणि सुकताना तेवढीच आकसते. हे रोज डोळ्यांसमोर असताना मडकं तिचंच करायला बसलो.

इंदूरच्या एका कुंभारदादांनी पिवळी माती वापरायला सांगितलं. आमच्या विहिरीच्या काठावर काळ्या थराच्या खाली ती दिसतेच, काकाजींच्या घरी भिंती सारवायला तीच लागते. कुटून, चाळून, भिजवून ठेवली. तीन भाग माती, एक भाग फुटक्या माठाची कुटलेली भुकटी. ती भुकटी आधीच भाजलेली असल्यानं आकसत नाही आणि मडक्याला आतून धरून ठेवते. दादा घोड्याची लीदही घालतात. मला ती मिळाली नाही.

चाक नाही. तळाला जुन्या वाडग्याचा आधार, वर वळ्या चढवून बोटांनी सांधायच्या. सांधताना वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडून. नुसतं बाहेरून गुळगुळीत केलेलं आतून सुटतं. भिंत करंगळीएवढी जाड ठेवली. थोडी सुकल्यावर ओल्या गोट्यानं घासून चकाकी आणली. तीन मडकी आणि दोन झाकणं, सावलीत, ओलं पोतं झाकून.

२६ जानेवारी, मळा

झेंडावंदन करून मळ्यावर. भट्टी म्हणजे उथळ खड्डा, तळाला भुसा, त्यावर मडकी पालथी, भोवती-वरती शेण्या. शेण्यांचे १५० रुपये. पेटवल्यावर थोड्या वेळात धप् असा आवाज, आणखी एक धप्. दोन मडकी गेली. वरून सुकलेली होती, आत ओल होती. वाफ झाली आणि तिनं भिंत फोडली. थंडीत पंधरा दिवस पुरत नाहीत, मडकं गालाला लावून गार लागलं तर ते ओलं आहे.

तिसरं मडकं आधी चुलीच्या कडेला ठेवून फिरवत फिरवत शेकलं, हाताला चटका बसेपर्यंत. मग शेण्या पेटवल्या. रात्री आत्यानं हाक मारेपर्यंत तिथेच. सकाळपर्यंत राखेत राहू दिलं, घाई केली नाही. लालसर, एका अंगाला काळा डाग, टिचकी मारली तर खणखणीत. झाकण एक वाचलं.

९ फेब्रुवारी, मळा

मडक्यात पाणी भरलं तर बाहेर दवासारखं फुटलं. भाताची घट्ट पेज करून मडक्यात तासभर मंद उकळली, निवू दिली, ओतली. पेजेचा चिकटा छिद्रांत बसतो. पाझर थांबला नाही, कमी झाला.

आग घुसळूनच पाडायची असं भाचीनं ठरवलं होतं, चकमक म्हणजे लबाडी. दोघांनी पाडली. मडकं मुरुडशेंगेच्या शिंक्यातून विहिरीवरून पाणी घेऊन आलं. शिंक्याच्या एका पदराचा जोड उसवला, पण बाकीच्यांनी धरलं. तुरीची डाळ सकाळपासून भिजवलेली. मातीचं भांडं थेट जाळावर ठेवायचं नाही, आधी निखाऱ्यावर, मग हळूहळू जाळ. फोडणी वेगळ्या लोखंडी पळीत दिली. तुपाची फोडणी थेट मडक्यात दिली तर तळ तडकतो असं कुंभारदादांनी बजावलं होतं. पळी विकतची आहे, नोंद करून ठेवतो.

डाळ शिजायला वेळ लागला, तेवढ्यात काकाजींच्या घरून कणीक आली आणि बाट्या शेण्यांच्या निखाऱ्यात गेल्या. वरणाला मातीचा वास होता. आतोबांनी तीनदा वाढून घेतलं, आत्याला मीठ कमी वाटलं. वाढलं मात्र स्टीलच्या ताटांत. पळसाची पानं या दिवसांत गळतात. झाडावर उरलेली टाचायला घेतली तर चिरत होती. पत्रावळीला पानं चैत्र-वैशाखात, नवी पालवी पुरती वाढल्यावर.

२ मार्च, मळा

बांधावरचे पळस केशरी झालेत, पान एकही नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत इकडे वनखात्याचा वणव्याचा हंगाम असतो. मळा आपला असला तरी गवत सुकलंय आणि ठिणगी हद्द बघत नाही. उघड्यावरची आग बंद, भट्टीही बंद.

मडक्याच्या बुडाला केसाएवढी चीर गेली आहे, वरणाच्या तिसऱ्या खेपेनंतर. अजून पाझरत नाही. घायपाताची दोरी भिजून सुकूनही तशीच. आपट्याची भाचीच्या सायकलला बांधलेली आहे.

पेट्रोल सोडून एकूण खर्च सातशेच्या आत, त्यातले बरेच पैसे रबरी हातमोजे आणि खाजेच्या गोळीचे. हाच धडा शहरातल्या शिबिरांत शिकवतात, त्यांची फी बघून मी हे घरीच करायचं ठरवलं होतं. पण काकाजी नसते तर मुरुडशेंगेच्या पुढे सरकलो नसतो, आणि त्यांच्या वेळेचा हिशेब वर धरलेला नाही. त्यांना गहू निघाल्यावर दोन पोती ठरवून दिली आहेत.

आता करायचं ते: एप्रिलमध्ये शेवरीची बोंडं फुटली की कापूस गोळा करणं, पालवी आल्यावर पत्रावळी, आणि पहिला पाऊस जमिनीत मुरल्यावर मुरुडशेंगेची साल, तेव्हा ती न ठोकता निघेल. मातीचं काम करायचं असेल तर कुंभाराला आत्ताच, होळीच्या आधी गाठा. एकदा माठांचा हंगाम लागला की त्यांना तुमच्याशी बोलायला सवड नसते.